दुसरीच्या वर्गातले पितळी फासे

दायम खेळण्यात अख्ख्या तंजावुरात माझा हात धरणारा माणूस नाही. काल संध्याकाळी माझ्या आठ वर्षांच्या नातीनं मला ओळीनं तीन डाव हरवलं, आणि चौथ्याला "आजा, पुरे, मला अभ्यास आहे" म्हणून उठून गेली.

हे मी फोनमध्ये बोलतोय. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तुमची ती अक्षरं मला येत नाहीत. आमच्याकडे फार थोड्यांना येतात. पुण्यात माझा एक भाचा आहे, तो हे ऐकून कागदावर उतरवणार आहे. चुका सापडल्या तर त्याच्या, बढाया सापडल्या तर माझ्या. तमिळ अक्षरं तरी येतात का, असं कोणी विचारू नये. बसची पाटी वाचतो. एकदा पापनाशमला जायला निघालो आणि ओरत्तनाडूला उतरलो, पण त्या दिवशी पाटीवर चिखल होता.

शाळेत तिसरीपर्यंत गेलोय. तिसरी मला इतकी आवडली की तिथे तीन वर्षं राहिलो. शेवटी मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, "ह्याला घेऊन जा, बाक तरी मोकळा होईल." बापानं मला कल्हईच्या भात्यावर बसवलं. आता सगळ्यांच्या घरी स्टील आलंय, कल्हई कोण करतो? म्हणून मी कुकरच्या दांड्या बसवतो, शिट्ट्या बदलतो, समया उजळून देतो, आणि उरलेला वेळ, म्हणजे बराचसा दिवस, ओट्यावर बसून दायम खेळतो.

दायम म्हणजे तुमच्याकडच्या सोंगट्यांच्या पटासारखं काहीतरी. जमिनीवर खडूनं घरं आखायची, चिंचोके नाहीतर बांगडीचे तुकडे सोंगट्या म्हणून घ्यायचे, आणि दोन फासे टाकायचे. लुडोतल्यासारखे ठोकळे नव्हेत हे. बोटाएवढे लांब, पितळेचे, चार बाजूंचे. एका बाजूवर एक टिंब, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, आणि चौथी कोरी. दोन्ही फाशांची टिंबं मिळवायची, तेवढी घरं पुढं जायचं. एक, पाच किंवा सहा पडले तर परत टाकायचे, आणि सगळं मिळून किती झालं ते आपल्या सोंगट्यांत वाटून घ्यायचं. आणखी एक नियम आहे. तो आमच्या गल्लीत रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतो, म्हणून मी तो कधी कोणाला सांगत नाही. तिथंच माती खाल्ली मी.

माझी सून मूळची ओरत्तनाडूची. आमच्यातलीच, मराठी बोलणारी, पण तिच्या बापाच्या घरात फाशांना बंदी. फाशांनी राज्यं बुडतात, असं ते म्हणायचे. त्यांचं राज्य म्हणजे दोन खोल्या आणि एक नारळाचं झाड, पण तत्त्व ते तत्त्व. पोरगी हुशार. लग्नानंतर, नात कडेवर असताना, तिनं टीचरचा कोर्स पुरा केला. मग वर्षानुवर्षं नोकरीची वाट पाहिली, आणि शेवटी कालव्यापलीकडच्या एका छोट्या शाळेत लागली. लागली म्हणजे तात्पुरती. पालकांच्या संघानं ठेवलेली. वर्षाअखेरीला तपासणीच्या बाई येणार, वर्ग बघणार, आणि त्यांनी चांगलं लिहिलं तर पुढच्या वर्षी हिला ठेवणार. नाहीतर परत घरी, परत वाट बघणं.

एका हॉलमध्ये पहिली आणि दुसरी, मधे एक कपाट, आणि दोन्हीकडे ही एकटी. दुसरीत माझी नातही होती. बाकी वाचण्या-लिहिण्यात पोरं ठीक, पण बेरजेचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम लघवीला लागायची. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली. मीही तिसरीतली बरीचशी गणितं संडासातच सोडवली आहेत.

एक दिवस सून जेवताना म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, फाशांचा खेळ घेतला की पोरं बेरीज पटकन शिकतात. त्यांनी दिलेले पुठ्ठ्याचे फासे पोरांनी चावून टाकले. मामंजी, बाजारात जाल तेव्हा प्लास्टिकचे डझनभर फासे आणाल?"

मी म्हटलं, "प्लास्टिक? ह्या घरात? आणि मी जिवंत असताना?"

"का, तुम्ही गेल्यावर आणू?" बायकोनं आतून विचारलं.

मी कुठं ऐकतोय! ओळखीच्या ओतकामवाल्याकडून सहा जोड्या मिळवल्या, चिंच लावून अशा घासल्या की तोंड दिसावं. सून म्हणाली, "छान आहेत हो. पण ह्याचा खेळ मला येत नाही." मी छाती पुढं काढून म्हटलं, "तुला कशाला यायला हवा? मी आहे ना." आयुष्यात पहिल्यांदा मला शाळेनं आपण होऊन बोलावलं. हेडमिस्ट्रेसनी परवानगी दिली: दर शुक्रवारी शेवटचा तास. कपाटाच्या अलीकडे मी आणि दुसरीची सत्तावीस पोरं, पलीकडे सून आणि पहिली.

पहिल्याच शुक्रवारी बारा पितळी फासे सिमेंटच्या फरशीवर पडायला लागले. असा आवाज, की शेजारच्या वर्गातल्या टीचरनी निरोप पाठवला, "देवळात वाजवा, इथे नको." मग मी गोणपाटं नेली. त्याच्यावर फासे बिचारे मुके झाले, पण पोरांनी त्यांच्या वाटचं ओरडून घेतलं.

आणि खरं सांगतो, पोरं शिकली. मी काही शिकवलं नाही, मला येतच नव्हतं. सहा पडले, परत टाकले, पाच पडले, परत टाकले, तीन पडले, तर सगळं मिळून चौदा. हे चौदा मला बोटांवर मोजावे लागायचे, आणि बोटं तर दहाच. तोवर पोरं सोंगटी हलवून मोकळी! महिन्याभरात अशी वेळ आली की मी एखादं घर जास्त गेलो तर चारही बाजूंनी ओरडा: "ताता, चोरी!" इथली पोरं म्हाताऱ्या माणसाला ताता म्हणतात. आजोबा म्हणून मान असतो त्यात, पण पुढं 'चोरी' आलं की तो जातो. मी चोरी करत नव्हतो. मला खरंच येत नव्हतं. पण ते सांगण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं बरं वाटलं.

घरी जायला किती घरं उरली, शत्रूच्या सोंगटीला मारायला किती हवेत, हे बघता बघता वजाबाकीही आली. सून कपाटाच्या पलीकडून कान देऊन असायची. एका शुक्रवारी घरी येताना म्हणाली, "मामंजी, तुम्ही जादू केलीत." मी तो शब्द आठवडाभर ओट्यावर सांगत फिरलो. ओट्यावरचे म्हातारे म्हणाले, "तू? गणित?" आणि बराच वेळ हसले. मग एकाला ठसका लागला म्हणून थांबले.

तपासणीचा दिवस आला. सुनेनं कॉटनची साडी इस्त्री करून ठेवली होती. निघताना मला बजावून गेली, "आज येऊ नका हं, मामंजी." मी म्हटलं, "छे छे." आणि दहा वाजता शाळेत हजर. पण वर्गात नाही गेलो. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या कुकरची दांडी ढिली होती, ती बसवायला गेलो. ती मीच आदल्या दिवशी ढिली केली होती की काय, हे विचारू नका. स्वयंपाकघराची खिडकी हॉलमध्ये उघडते.

तपासणीच्या बाई म्हणजे बारीक, काळ्या छत्रीच्या, पन्नाशीच्या. हसण्याचा खर्च जपून करणाऱ्या. त्यांनी फळ्यासमोर उभं राहून विचारायला सुरुवात केली.

"सात अधिक सहा?"

"तेरा!"

"नऊ अधिक आठ?"

"सतरा!"

बाईंनी चष्मा वर केला. "विसातून सहा गेले?" "चौदा!" कोणाच्याही बोटांना काम नाही. बाई सुनेला म्हणाल्या, "हे कसं काय?" सून म्हणाली, "फाशांचे खेळ घेतो, मॅडम." तिचा चेहरा त्या वेळी माझ्या समईसारखा दिसत होता, नुकत्या उजळलेल्या. मी खिडकीत पकड हातात धरून उभा. मला वाटलं, आता बाई विचारतील की ह्यामागे कोण, आणि मी नम्रपणे खाली बघेन. खाली बघण्याची तालीमही करून घेतली.

बाई जाता जाता म्हणाल्या, "बरं, एक सोपं. एक अधिक शून्य?"

"दायम!" सत्तावीस पोरं.

आमच्या खेळात एकाला एक म्हणत नाहीत, दायम म्हणतात. बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "हं. आणि शून्य अधिक शून्य?"

"बारा!"

नुसते ओरडले नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं हात पसरला आणि म्हणाली, "आणि परत टाकायचं!"

तर तो नियम हा. दोन्ही फासे कोरे पडले की बारा. सगळ्यात मोठं दान, आणि वर आणखी एकदा टाकायला मिळतं. माझ्या बापाच्या ओट्यावर बारा, त्याच्या बापाच्या ओट्यावर बारा. मला वाटलं, हे कोणाला सांगायचं असतं होय? पाणी ओलं असतं हे कोणी सांगतं का? आणि सून, जिच्या घरात फासाच नव्हता, ती कपाटाच्या पलीकडे पहिलीला गाणी म्हणून दाखवत होती. तिला 'बारा' ऐकू यायचे, पण सहा आणि सहा पडले असतील असं तिला वाटायचं.

बाईंनी खडू घेऊन फळ्यावर दोन मोठी शून्यं काढली, मधे अधिकचं चिन्ह. "नीट बघून सांगा."

"बारा!" पोरांनी नीट बघून सांगितलं.

सून माझ्या नातीकडे बघत होती. नात सगळ्यात मोठ्यानं ओरडली होती.

मला राहवलं नाही. पकड घेऊन तसाच आत गेलो आणि म्हटलं, "मॅडम, टीचरची चूक नाही. मी शिकवलं."

"तुम्ही कोण?"

"मी कुकरवाला."

"किती शिकलात?"

"तिसरी."

"पास?"

"तिसरीत होतो," मी म्हटलं.

बाईंनी वही मिटली. सुनेला म्हणाल्या, "आज मी काही लिहीत नाही. तीन आठवड्यांनी परत येते. तेव्हाही ह्या वर्गात शून्य आणि शून्य बारा होत असतील, तर मला जे दिसलं तेच लिहावं लागेल." आणि छत्री उघडून पापनाशमच्या बसकडे गेल्या.

त्या संध्याकाळी सून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. साडीची घडी घालून कपाटात ठेवली, आणि पोरीचे केस विंचरत बसली. मी पानावर बसलो तर बायकोनं रिकामं ताट पुढं ठेवलं. "इडली शून्य, चटणी शून्य. झाल्या बारा. खा."

पुढच्या शुक्रवारी मी वर्गात जाऊन जाहीर केलं, "आजपासून दोन कोरे म्हणजे शून्य."

बंड झालं. "मग टाकायचे कशाला?" "ताता हरतो म्हणून नियम बदलतो!" एका पोरानं फासे माझ्यासमोर ठेवले आणि हाताची घडी घातली. मी म्हटलं, बघा, मी दाखवतो, आणि टाकले. दोन्ही कोरे. माझा हात आपोआप चिंचोका घेऊन निघाला, नऊ, दहा, अकरा, बारा, आणि वाटेत एका पोरीची सोंगटीही मारून आला. पन्नास वर्षांची सवय, तिला शाळेचे नियम काय माहीत!

तेवढ्यात कपाटाआडून सून आली. पहिल्यांदाच गोणपाटावर मांडी घालून बसली. फासा हातात घेऊन कोरी बाजू बघितली. "मामंजी, कोरे पडले तर बाराच का?"

पन्नास वर्षं खेळलो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी ओट्यावर जाऊन विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "आजोबांनी सांगितलं म्हणून." दुसरा म्हणाला, "अकरा असते तर वाईट दिसलं असतं." तिसरा चिडला, "टाकायचे तर टाक, नाहीतर ऊठ." एवढं ज्ञान घेऊन मी घरी आलो.

सून ऐकून म्हणाली, "म्हणजे कोणी मोजून बारा केलेले नाहीत. वरून दिलेत. बक्षीस आहे ते." आणि तपासणीच्या दिवसानंतर माझ्याशी पहिल्यांदा हसली.

तिनं नियम बदलला नाही. पोरांचा खेळ पोरांपाशी ठेवला, फक्त मधे एक पाटी आणली. फासे टाकले की आधी पाटीवर लिहायचं: शून्य अधिक शून्य बरोबर शून्य. पाटी वर धरून दाखवायची. मग ओरडायचं, "बक्षीस बारा!" आणि मगच सोंगटी हलवायची. न लिहिता हलवली तर बारा गेले. एक पडला तरी तेच, आधी पाटीवर एक, मग तोंडानं दायम. पहिल्या तासाला सात-आठ पोरांचे बारा गेले. रडारड झाली. दुसऱ्या तासाला कोणाचे गेले नाहीत. माझे गेले. सुनेनं सांगितलं, "तुम्हीही लिहायचं, मामंजी." मी पाटीवर शून्य काढलं. नात म्हणाली, "आजा, हे शून्य नाही, वांगं आहे."

तिनं घरीही मला सोडलं नाही. कॉफी पिताना, आंघोळीला जाताना, कुकरची शिट्टी बसवताना: "आजा, शून्य अधिक शून्य?" मी शून्य म्हणायचो. पाचात तीनदा तरी म्हणायचो.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. ह्या वेळी सुनेनं मला येऊ नका असं म्हटलं नाही. म्हणाली, "खिडकीतून बघण्यापेक्षा आत बसा. पण कोपऱ्यात." मी गोणपाटाच्या कडेला बसलो, हात मांडीखाली दाबून.

बाईंनी वेळ घालवला नाही. "शून्य अधिक शून्य?"

"शून्य!"

"नक्की?"

"बेरीज शून्य," पुढच्या रांगेतली ती पोरगी म्हणाली, "बक्षीस बारा. बक्षीस मोजायचं नसतं, नुसतं घ्यायचं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग चप्पल काढून सरळ गोणपाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे." त्यांनी फासे दोन्ही तळव्यांत धरून असे घोळवले, की मी ओळखलं, ह्या बाईचं लहानपणही कुठल्यातरी ओट्यावर गेलंय. टाकले. सहा. परत टाकले. दोन्ही कोरे. पोरं श्वास रोखून. बाईंनी पाटी ओढली, शून्य लिहिलं, पाटी वर धरली, आणि कोणाकडेही न बघता हळूच म्हणाल्या, "बक्षीस बारा." सोंगटी बारा घरं गेली आणि पोरांनी माझ्या नावानं मांडून ठेवलेली सोंगटी मारून उभी राहिली. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. शेजारच्या टीचरचा निरोप आला नाही. त्या स्वतःच दारात येऊन बघत होत्या.

बाईंनी वही उघडली, लिहिलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: वर्गाची बेरीज-वजाबाकी उत्तम, ह्या टीचरना पुढच्या वर्षीही ह्याच वर्गाला ठेवावं. खाली सही केली, पेनाला टोपण लावलं. सुनेनं पदरानं कपाळ पुसलं. उकाडा नव्हता.

आणि उठता उठता, बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, कुकरवाले? शून्य अधिक शून्य?"

सत्तावीस पोरं, दोन टीचर, एक हेडमिस्ट्रेस, सगळे माझ्याकडे. तीन आठवड्यांची तालीम झालेली. उत्तर जिभेवर होतं, देवाशपथ होतं. मी उभा राहिलो, शाळेत उभं राहतात तसा, आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "बारा. आणि परत टाकायचं."

सुनेनं डोळे मिटले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात माझी नात ताडकन उठून उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "हे आमच्या वर्गातले नाहीत. ह्यांचं धरू नका."